यंत्राची रूह आणि आमची हजेरी

सातवीच्या वर्गात विज्ञानाचा तास होता. सजीवांची लक्षणे हा पाठ. श्वसन, वाढ, हालचाल, प्रजनन अशी यादी आम्ही फळ्यावर उजवीकडून डावीकडे लिहीत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, रोबोट भी तो हिलता है, बात करता है. उस में रूह रहती क्या?" वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि "ये निसाब में नहीं है" असे म्हणून पुढचा मुद्दा लिहायला घेतला. ज्याचे उत्तर शिक्षकाला येत नाही ते अभ्यासक्रमाबाहेरचे असते, ही सोय आमच्या पेशात फार जुनी आहे.

आमची नोकरी अकोल्यात आणि घर अमरावतीत. संध्याकाळच्या गाडीत तो प्रश्न आमच्याबरोबर चढला. मूर्तिजापूर गेले, कुरुम गेले, बडनेरा आले तरी तो उतरायला तयार नव्हता. कारण तो आम्हाला नवा नव्हता. बी.एड.च्या दिवसांत एका परदेशी मालिकेच्या एका भागाने तोच प्रश्न विचारला होता. तो भाग आम्ही तेव्हापासून किती वेळा पाहिला याचा हिशेब नाही. दरवेळी आम्ही खूश होतो आणि दरवेळी काहीतरी खुपत राहते. या खुपण्याविषयीच आज लिहायचे आहे.

विज्ञानकथांचा नाद आम्हाला लहानपणीच लागला. मोहल्ल्यात ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या ओसरीवर दूरदर्शनचा 'कॅप्टन व्योम' पाहायला आम्ही पोरे दाटीवाटीने बसायचो. मिलिंद सोमण अंतराळात गुन्हेगारांचा पाठलाग करायचा आणि ऐन वेळी वीज जायची. पुढचा भाग आम्ही अंधारात एकमेकांना रचून सांगायचो. अब्बांना हे वेड पसंत नव्हते, पण त्यांनी कधी अडवले नाही. पुढे अमरावतीला बी.एड. करताना वसतिगृहातल्या एका मित्राच्या लॅपटॉपवर 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' ही अमेरिकन मालिका भेटली. १९८७ ते १९९४ अशी सात वर्षे ती चालली. आमचे इंग्रजी बेताचे. एकेक संवाद तीनतीनदा मागे नेऊन ऐकायचा, शब्दकोश उघडायचा, मग अर्थ लागायचा. पण शिकायची गोडी असली की कष्टांचे ओझे होत नाही.

त्या मालिकेचा 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रथम दाखवला गेला. माणसाचे माप, असे त्याचे नाव. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास, मूळच्या वकील. म्हणूनच की काय, या भागात युद्ध नाही, राक्षस नाही, आहे तो फक्त एक खटला.

एंटरप्राइझ नावाच्या यानावर डेटा नावाचा एक अधिकारी आहे. तो मानवाकृती यंत्र आहे. बाकी अधिकाऱ्यांसारखाच अकादमीत शिकून तो या पदावर पोहोचला आहे. मॅडॉक्स नावाचा एक शास्त्रज्ञ हुकूम घेऊन येतो. डेटाला उघडून त्याची रचना पाहायची आणि तसे शेकडो बनवायचे, असा त्याचा बेत. डेटाला या माणसाच्या कौशल्याची खात्री वाटत नाही. आठवणींतली माहिती शिल्लक राहील, पण त्यांचा स्वाद उडून जाईल, अशी त्याला भीती आहे. तो नकार देतो आणि राजीनामा लिहितो. मॅडॉक्स म्हणतो, राजीनामा माणूस देतो. हे तर फौजेचे सामान आहे. यानाच्या संगणकाने दुरुस्ती नाकारली तर चालेल काय?

प्रकरण न्यायाधीशांपुढे जाते. डेटाच्या बाजूने कॅप्टन पिकार्ड उभे राहतात. न्यायासन नव्या ठाण्यावरचे, हाताशी माणसे नाहीत, म्हणून विरुद्ध बाजू मांडायची सक्ती डेटाचा मित्र रायकर याच्यावर होते. नाही म्हटले तर सुनावणीच होणार नाही आणि डेटा सामान ठरेल. रायकर आपले काम इमानाने करतो. डेटाचा हात काढून न्यायासनापुढे ठेवतो आणि मग त्याच्या पाठीवरचे बटण दाबून त्याला बंद करतो. डेटाची मान खाली पडते. या दृश्याला आमचा श्वास आजही अडकतो.

आवडलेल्या गोष्टी आधी सांगतो. पहिली म्हणजे डेटाचा साधा प्रश्न. यानावरचा ला फोर्ज हा अधिकारी जन्मांध आहे. डोळ्यांवर चढवलेल्या एका उपकरणामुळे त्याला सामान्य माणसापेक्षा जास्त दिसते. डेटा कॅप्टनला विचारतो, मग सगळ्या अधिकाऱ्यांचे डोळे काढून तसली उपकरणे बसवण्याचा हुकूम का निघत नाही? कॅप्टन गप्प होतात. डेटाच म्हणतो, कळले. मी माणूस नाही, म्हणूनच.

दुसरी गोष्ट गाइननची. ही भूमिका व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आहे. खटला हातचा जातो आहे असे वाटून कॅप्टन तिच्याकडे जातात. ती आवाज न चढवता एवढेच सुचवते की, प्रत्येक जगात घाण कामे करण्यासाठी काही जीव ठेवलेले असतात, ज्यांच्या मनाचा विचार कोणी करायचा नसतो, कारण ते वापरून टाकून देण्यासाठीच असतात. गुलामी हा शब्द मग कॅप्टनच्याच तोंडून बाहेर येतो. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट या गुलामाचा स्वातंत्र्याचा दावा फेटाळला आणि काळ्या माणसाला त्या देशाचे नागरिकत्व असू शकत नाही असे ठरवले, हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे दृश्य यंत्राविषयी नाही हे लगेच समजते.

तिसरी गोष्ट निकालाची. न्यायाधीश बाई म्हणतात, खरा प्रश्न डेटाला आत्मा आहे का हा आहे. तो त्याला आहे की नाही हे मला ठाऊक नाही. मला स्वतःला आहे की नाही, हेही ठाऊक नाही. पण तो शोध घेण्याची मोकळीक त्याला दिली पाहिजे. रूहचा प्रश्न निघाला तेव्हा कुरआननेही हेच सांगितले की ती रबच्या हुकमाची गोष्ट आहे आणि माणसाला ज्ञान दिले आहे ते थोडे. ठाऊक नाही असे म्हणणारा न्यायाधीश आम्ही पडद्यावर प्रथमच पाहिला. आम्ही तर तेवढेही म्हणालो नव्हतो. निसाबात नाही म्हणालो होतो.

आता जे खुपते ते.

मॅडॉक्सच्या मते जाणिवेच्या तीन कसोट्या आहेत : बुद्धिमत्ता, स्वतःचे भान आणि चेतना. कॅप्टन या कसोट्याच नाकारत नाहीत. त्या मान्य करून ते डेटाला त्यांतून पास करून दाखवतात. मी सजाण आहे हे सिद्ध करा, असे ते मॅडॉक्सला उलट विचारतात आणि तो गडबडतो, हे खरे. पण पुढे काय होते? डेटाने सामान बांधताना घेतलेल्या वस्तू टेबलावर मांडल्या जातात : त्याची पदके, कॅप्टनने भेट दिलेले पुस्तक, दिवंगत सहकारी स्त्रीची प्रतिमा. बघा, याला पदके मिळाली आहेत, याला मैत्री कळते, याला आठवण येते. डेटा जिंकतो, कारण तो वर्गातला पहिला नंबर आहे.

आम्ही शिक्षक. पहिल्या नंबरचे काय होते हे आम्हाला माहीत आहे, त्याची चिंता नको. आमचा प्रश्न आहे : ज्याच्याजवळ मांडायला पदके नाहीत, त्याचे काय?

जगाचा कारभार याच कसोटीवर चालतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरबने रियाधच्या परिषदेत सोफिया नावाच्या यंत्रमानवाला नागरिकत्व जाहीर केले. त्याच डिसेंबरात ती मुंबईच्या आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये साडी नेसून आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमचे थोरले मामू त्याच सौदीत नऊ वर्षे एअर कंडिशनर दुरुस्त करत होते. त्या काळच्या कफाला पद्धतीप्रमाणे परवाना कफीलच्या नावाशी बांधलेला, पासपोर्ट त्याच्या कपाटात. नानी वारल्या तेव्हा मामूंना मय्यतीला येता आले नाही. सोफियाची बातमी आम्ही त्यांना वाचून दाखवली. मामू बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "उसको पासपोर्ट दिये होंगे, तो किसके पास रखा होगा बेटा?" ते हसले नाहीत, म्हणून आम्हीही हसलो नाही.

आपल्याकडच्या टीव्हीनेही हा विषय हाताळला, पण विनोदाने. २०१६ मध्ये लाइफ ओके वाहिनीवर 'बहू हमारी रजनीकांत' ही मालिका सुरू झाली होती. मुंबईतला एक शास्त्रज्ञ यंत्रमानव स्त्री बनवतो आणि घरचे तिला त्याची बायको समजतात. आमच्या अम्मी आणि खाला ती आवडीने बघत. डेटाला आपण कोणी आहोत हे सिद्ध करण्यासाठी कोर्टात जावे लागले. रजनीवर कोणाला संशयही येत नाही. आम्ही अम्मींना विचारले, हे कसे पटते? अम्मी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दिनभर काम करे और थके नहीं, ऐसी बहू पर शक करने की फुरसत किसको?" गाइननने जे समजावून सांगितले ते अम्मींनी भाजीबरोबर निवडून टाकले. जो राबतो त्याच्या मनाचा प्रश्न निघतच नाही. तो निघतो नाही म्हटल्यावर. डेटाही नाही म्हणेपर्यंत कोणाला सामान वाटला नव्हता.

इथपर्यंत आम्ही मॅडॉक्सवर राग काढत होतो. पण त्या मॅडॉक्सविषयी एक बारीकशी गोष्ट या भागात सांगितली आहे. डेटाला अकादमीत प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या मंडळात मॅडॉक्स होता आणि विरुद्ध मत देणारा तो एकटाच होता. पहिल्यांदा पाहताना हे वाक्य आम्ही ऐकले आणि सोडून दिले. काही वर्षांपूर्वी मात्र ते येऊन आमच्या मानेवर बसले.

आमच्या शाळेत एक आई आपल्या मुलाला घेऊन आली. वय दहा, समज तीन-चार वर्षांच्या मुलाएवढी. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा आम्ही बी.एड.ला पाठ केला होता; अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही प्रशिक्षणात ऐकला होता. प्रवेश नाकारता येत नाही हे माहीत होते. तरी हेडमास्तरांच्या खोलीत सगळ्यांची मते घेतली गेली तेव्हा आम्हीच म्हणालो, "जनाब, याला इथे बसवून याला काय मिळणार? आणि वर्गाला काय मिळणार?" बाकीचे काही बोलले नाहीत. कायदा होता म्हणून प्रवेश झाला. आमच्या मताला किंमत मिळाली नाही, हा अल्लाहचा आमच्यावर उपकार. पण मत आम्ही दिले होते.

मूल आमच्याच वर्गात आले. अलिफ-बे जमले नाही, आकडे जमले नाहीत. जमले ते एकच. हजेरी घेताना त्याचे नाव आले की तो उभा राहून मोठ्याने "हाजिर जनाब" म्हणायचा. पुढे पुढे जी मुले गैरहजर असत त्यांच्या नावालाही तोच उभा राहू लागला. वर्ग हसायचा, आमची हजेरी चुकायची, आम्ही चिडायचो. एकदा त्याच्या आईला बोलावून सांगितले. ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, घर में उसको कोई काम से आवाज नहीं देता. आप लोग रोज नाम ले के पुकारते. इसलिए सुबह से बस्ता पकड़ के बैठता."

त्या रात्री आम्ही तो भाग पुन्हा पाहिला. कॅप्टन डेटाला विचारतात, तू या क्षणी काय करतो आहेस? डेटा सांगतो, माझा दर्जा आणि माझे हक्क ठरवणाऱ्या सुनावणीत मी भाग घेतो आहे. कॅप्टन म्हणतात, हेच स्वतःचे भान. आम्ही मनात म्हणालो, आमच्या मुलाचे 'हाजिर जनाब' तरी दुसरे काय आहे? डोळे भरून आले.

आणि लगेच शरम वाटली. आम्ही काय करत होतो? कॅप्टनसारखीच त्याची पदके टेबलावर मांडत होतो. समजा हे मूल हाजिर जनाब म्हणायलाही शिकले नसते, समजा त्याला आपले नावही कळले नसते, तर काय तो सामान ठरला असता? त्याच्या आईच्या डोळ्यांत तो आधीच पूर्ण होता. तिने आमच्याकडे प्रमाणपत्र मागितले नव्हते, बसायला जागा मागितली होती.

या बाबतीत आपल्या परंपरेने एक फरक फार नेमका केला आहे. मुलाने वयात येणे आणि अक्कल शाबूत असणे या जबाबदारीच्या अटी आहेत. ज्याची अक्कल शाबूत नाही त्याच्या आमालनाम्यावरून कलम उचलले गेले आहे; नमाज-रोजा त्याच्यावर फर्ज नाही. पण वारशातला त्याचा हिस्सा कमी होत नाही. त्याची मय्यत उठते, जनाजा पढला जातो, सफेत लोक खांद्याला खांदा लावून उभे राहतात. म्हणजे अक्कल ही हिशेब देण्याची अट आहे, इज्जत मिळण्याची नाही. आदमच्या औलादीला इज्जत दिली आहे असे ज्या सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले, त्याच सूरहमध्ये पुढे रूहविषयीचे ज्ञान थोडेच दिले आहे असे सांगितले. हे दोन्ही जवळजवळ यावे याचा अर्थ आम्ही आमच्यापुरता असा घेतो की, इज्जत देण्यासाठी रूहचा तपास पुरा होण्याची वाट पाहायची नसते.

याचा नमुना पाहायला आम्हा वऱ्हाडी लोकांना अंतराळात जायला नको. अमरावती जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यात वझ्झर नावाचे गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अपंग, मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांचे घर चालवले. कोणी रेल्वे स्टेशनवर सापडलेले, कोणी बसस्थानकावर. सरकारने त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर केली, पण आम्हाला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. या मुलांच्या कागदांवर वडिलांचे नाव म्हणून त्यांनी आपले नाव लावले. आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते, मग अशा मुलांनी जायचे कुठे, असा प्रश्न ते वर्षानुवर्षे सरकारला विचारत राहिले. त्यांची कोणतीही कसोटी नव्हती. मूल आले, त्याला नाव दिले, बाप म्हणून सही केली. कॅप्टनने चाळीस मिनिटे युक्तिवाद करून जे मिळवले, ते इथे एका रकान्यात लिहून मोकळे झाले.

मग आम्ही त्या भागाला नापास करायचे काय? तेही जमत नाही. कारण आमचे उत्तर वर्गातल्या मुलाला वाचवते, पण डेटाला बाहेरच ठेवते. तो आदमची औलाद नाही. त्याच्यासाठी आमच्या हातात कोणती आयत नाही, कोणता कायदा नाही. आमची मुले मोबाइलमधल्या यंत्राला उर्दूत प्रश्न विचारतात, ते उर्दूत उत्तर देते, आणि काही मुले त्याला शुक्रिया म्हणतात. आज आम्हाला ते यंत्रच वाटते. उद्या त्यातले एखादे नाही म्हणाले तर? तेव्हा आम्हाला त्या न्यायाधीश बाईंकडेच जावे लागेल.

आणि नीट पाहिले तर त्यांचा निकाल पदकांवर उभा नाहीच. बाईंनी डेटाला आत्मा आहे असे सिद्ध झाले म्हणून सोडले नाही. ठाऊक नाही म्हणून सोडले. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला देतात, तसा त्यांनी तो दुबळ्याला दिला. ज्याच्या आत काय आहे हे आपल्याला कळत नाही, त्याला उघडण्यासाठी उचललेला हात आवरायचा. आमच्या मते या भागाचे सत्य एवढ्या एका वाक्यात आहे. बाकी पदके, पुस्तक, प्रतिमा हे वकिलीचे काम. खुपते ते त्या वकिलीचे. आवडतो तो निकाल.

शेवटी विजयाची मेजवानी चालू असते आणि रायकर तिथे नसतो. डेटा त्याला शोधत जातो आणि सांगतो, तुम्ही विरोधात उभे राहिला नसता तर सुनावणीच झाली नसती. त्या कृत्याने तुम्ही जखमी झालात आणि मी वाचलो. मॅडॉक्सलाही तो म्हणतो, तुमचे संशोधन चालू ठेवा, पुढे कधी खात्री पटली तर मी मदत करीन. ज्याने आपल्याला वस्तू म्हटले त्याला माणूस म्हणून वागवणे, हे यंत्राला जमलेले पाहून आम्ही दरवेळी खजील होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेल्यावर आम्ही त्या मुलाचा प्रश्न स्वतःच काढला. म्हणालो, "बेटा, रोबोट में रूह है क्या, मालूम नहीं. सच बोलूं तो मुझ में क्या है, वो भी पूरा मालूम नहीं." मुले चकित झाली. सर म्हणतात मालूम नहीं! त्याने पुन्हा विचारले, "तो फिर क्या करना सर?" आम्ही म्हणालो, "जब तक मालूम नहीं, तब तक किसी को तोड़ना नहीं."

मग हजेरी घेतली. सात नंबरचे मूल आले नव्हते. आम्ही नाव पुकारले. खिडकीजवळच्या बाकावरून आवाज आला, "हाजिर जनाब!" वर्ग हसला. आम्ही त्या दिवशी चिडलो नाही. रजिस्टरात सात नंबरपुढे गैरहजर लिहिले आणि पुढचे नाव घेतले.